मशीन घेत न्हाय

समोर माणूस येऊन बसला की हवालदार आधी त्याचा उजवा अंगठा आपल्या दोन्ही हातांत घेत. खिशातल्या फडक्याने पुसत, थोडा वेळ तळव्यात धरून ऊब देत, आणि मगच छोट्या काळ्या मशीनवर टेकवत. "दाबू नगासा. नुसता ठेवा. गोळी न्हाय झाडायची."

बेळगावात माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत ते होते. त्यांना नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. हुद्दा हेच नाव झालं होतं. वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर मी तिथे कागदपत्रांच्या टेबलावर लागलो, तेव्हा ते तिथले जुने झालेले होते.

पेन्शन घेणाऱ्याला वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. याला हयातीचा दाखला म्हणतात. मशीन फोनला जोडायचं, अंगठा टेकवायचा, ठसा जुळला की पडद्यावर हिरवी खूण येते. ज्यांना बेळगावला येणं जमत नाही त्यांच्या घरी हवालदार जात. मशीन पिशवीत, भाकरीच्या डब्याशेजारी.

तुम्ही कधी कुठे अंगठा दिला असेल तर अडचण माहीत असेल. कष्ट करणाऱ्यांचे ठसे झिजतात. निपाणीत एका जवानाची विधवा होती, जन्मभर विड्या वळलेली. तिचा ठसा पाच-सहा वेळा उमटला नाही. मी त्या दिवशी सोबत होतो.

"आक्का, रेघा सगळ्या विडीत गेल्या तुमच्या," हवालदार म्हणाले. "लोक तुमचा अंगठा वढत्यात."

"तरीच तुझा खोकला जात न्हाय रं," ती म्हणाली.

हवालदार हसले, मग खोकले. गरम पाणी मागवून त्यांनी तिचा अंगठा त्यात बुडवून ठेवला. सातव्या वेळी हिरवी खूण आली. तिने ती पाहिली आणि विचारलं, "म्हंजे हाय न्हवं मी?"

घरभेटींची वही माझ्याकडे असे. माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी तिच्यातली एक गोष्ट मला खटकली. जांबोटीच्या पलीकडे, बसमधून उतरून तासभर चालल्यावर, एका निवृत्त शिपायाचं घर होतं. बायको गेलेली, मुलगे गोव्यात, घरात ते आणि दोन म्हशी. त्यांच्या नावापुढे दर महिन्याला एक भेट होती आणि शेरा प्रत्येक वेळी तोच: मशीन घेत न्हाय. परत जाणे.

जुनी सवय म्हणून मी पडताळून पाहिलं. त्यांचा दाखला नोव्हेंबरातच, पहिल्या भेटीत झाला होता. पावतीही निघाली होती.

मी पावती छापून हवालदारांसमोर ठेवली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि माझ्याच हातात दिली.

"बघितलासा न्हवं? मग गप बसा."

"पण तिथे करता काय तुम्ही?"

"काय न्हाय. घराम्होरं दगड हाय, रेंज तेवढी तिथंच येतीया. दोघं बसतो."

"बोलत?"

"त्यो बोलत न्हाय. मी बी न्हाय. म्हशी घरला आल्या की मी निघतो."

"मग जाता कशाला एवढं चालून?"

त्यांनी पिशवीचा बंद नीट केला. "सांबऱ्याला घरात बी गप्पच असतोय मी. तिथं गप बसायला जोडीला माणूस हाय."

पत्नी गेल्यापासून ते सांबऱ्याला एकटे राहत होते, हे मला माहीत होतं. मी पावती वहीत ठेवली आणि वही मिटली.

काही दिवसांनी सेक्रेटरींनी वही उघडली. ते कडक पण न्यायी गृहस्थ. "एका माणसाकडे इतक्या फेऱ्या? संकेश्वरकडची माणसं वाट बघतायत. हे बंद करावं लागेल. काय भानगड आहे?"

हवालदार खिडकीशी उभे होते. माझ्याकडे पाहत नव्हते.

"त्यांच्या घरात रेंज नसते, साहेब," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. बातमीत मी ते तसं अर्धं ठेवलं नसतं. फेऱ्या चालू राहिल्या.

मे महिन्यात हवालदार गेले. घरात एकटेच होते. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना कळलं. त्यांचा स्वतःचा हयातीचा दाखला अजून सहा महिने चालणारा होता.

नोव्हेंबरात जांबोटीची भेट माझ्याकडे आली. तोवर संस्थेत मशीनचं काम संपत आलं होतं. आता फोनचा कॅमेरा चेहरा ओळखतो.

मला पाहून म्हातारे बाहेर आले. माझ्यामागच्या वाटेकडे त्यांनी बघितलं. मग दगडावर बसले, उजवा अंगठा धोतराला पुसला, डाव्या मुठीत धरून ऊब दिली आणि माझ्यापुढे केला.

"आप्पा, हवालदार गेले. मे महिन्यात."

"व्हय. दोन महिने आला न्हाय, तवाच समजलं."

अंगठा तसाच पुढे होता. मी सांगितलं, अंगठा आता लागत नाही. इकडे बघा, एकदा डोळे मिटा, उघडा. त्यांनी मिटले, उघडले. हिरवी खूण आली.

"एवढ्यात झालं?"

"झालं."

"त्याचं मशीन घेत न्हवतं."

"हो."

"मी फौजंत सिग्नलात होतो, साहेब, बिनतारी यंत्रावर," ते म्हणाले. "हिरवं तवा बी दिसलं हुतं मला."

मी फोन खिशात ठेवला.

"परत कवा येणार?"

याचं अचूक उत्तर एकच होतं आणि मी ते दिलं. "पुढच्या वर्षी."

त्यांनी मान हलवली. "तुमचं मशीन चांगलं हाय," ते म्हणाले आणि अंगठा परत मुठीत घेतला.

म्हशी यायला अजून तासभर होता. मी बसची वेळ पाहिली आणि निघालो. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ते दगडाच्या एका कडेला बसले होते. दुसऱ्या कडेला एका माणसापुरती जागा मोकळी होती.