अण्णांची शिकवणी

बाईला वाईट वाटलं की ती घासलेली भांडी पुन्हा घासते. त्या सोमवारी मी दुपारी जेवायला घरी आले, तर ओट्यावर सगळी पातेली पालथी आणि बाई तव्याच्या मागे हात धुऊन लागलेली. मी समजले, घरून फोन आलाय.

ती शिक्षिका, म्हणून तिला मी बाईच म्हणते आणि वर अगं-तुगंही करते. परक्या देशात दोन बायकांनी इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात काढली की मानपानाचं असंच काहीतरी होऊन बसतं. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. बाई दोन गल्ल्या पलीकडे मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. मोठ्या माणसांना म्हणजे, जी पोटासाठी या गावात येऊन पडलीत आणि बसचं तिकीट मागायचं तर ज्यांना घाम फुटतो, अशांना. तिनं लग्न केलं नाही. माझं झालं आणि संपलं. दोघींचं बरं चाललंय. बाथरूममधलं वॉशिंग मशीन सुरू झालं की भिंत हादरते, ते सोडलं तर तक्रार नाही.

तिचे वडील, अण्णा, तिकडे गावी तिच्या मोठ्या भावाकडे असतात. तेही इंग्रजीचेच मास्तर. गावातल्या अर्ध्या लोकांचं इंग्रजी त्यांच्या हाताखालून गेलंय, आणि जे आलं नाही त्याचा राग त्यांना अजून आहे. पाऊस संपता संपता त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. अंगाचं ठीक आहे हो, माणूस डाव्या हातानं जेवतो. पण जन्मभर बोलूनच पोट भरलेल्या माणसाची वाचा जावी, हे मला आजही पटत नाही.

डॉक्टर म्हणाले, समजतंय सगळं त्यांना, फक्त बोलतं करा, जितकं लवकर तितकं बरं. घरी एक मुलगी यायला लागली बोलण्याचे व्यायाम घ्यायला. ती "आजोबा, हे काय आहे सांगा बघू?" असं म्हणायची आणि अण्णा भिंतीकडे तोंड करायचे. शेवटी त्या मुलीनं हात टेकले. तोच फोन आला होता.

"आजपासून मी घेणार त्यांची शिकवणी," बाई तवा निथळायला ठेवत म्हणाली. "माझं ऐकतील."

"आजवर कधी ऐकलंय?"

"तू जेव गप."

नव्या विद्यार्थ्यांसाठी तिच्याकडे चित्रांची कार्डं असतात, पाटीएवढी मोठी. चहाचा कप, दार, खुर्ची, चष्मा, खिडकी. तिच्या वर्गातही तेव्हा नवीन तुकडी आली होती. म्हणजे सकाळी कप दाखवून दहा-बारा लोकांकडून इंग्रजीत चहा वदवून घ्यायचा आणि दुपारी तोच कप मोबाइलसमोर धरून वडिलांकडून मराठीत. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. मी ताटावर बसलेली आणि समोर टेबलावर साखरेच्या डब्याला टेकून ठेवलेला मोबाइल, असा तो वर्ग सुरू झाला. तिकडून फोन धरायला वहिनी.

"वहिनी, फोन जरा खाली कर. नुसता पंखा दिसतोय."

"हं. आता?"

"आता अण्णांचा कान दिसतोय."

बऱ्याच खटपटीनंतर अण्णा दिसले. दाढी वाढलेली, ओठ एका बाजूला उतरलेला. मी नजर ताटात वळवली. बाईनं मात्र चेहरा असा ठेवला, जणू शाळेतली पहिली घंटा नुकतीच झालीय. तिनं कार्ड वर धरलं.

"अण्णा, हे काय?"

अण्णा कार्डाकडे बघेनात.

"अहो अण्णा, चहा! चहा म्हणा, सोपंय," वहिनी म्हणाली.

"वहिनी, तू सांगू नकोस गं. तू सांगितलंस तर ते कशाला बोलतील?"

"बरं बाई, तोंड शिवते." आणि लगेच, "अण्णा, ताई काय विचारतायत बघा. च... च..."

मला हसू आवरेना. बाईनं माझ्याकडे असे डोळे वटारले की मी ताट घेऊन बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. सोमवार तसाच गेला आणि मंगळवारीही अण्णा मिठाची गुळणी धरल्यासारखे बसून होते.

मंगळवारी रात्रीची भांडी पुसता पुसता बाईनं मला एक गोष्ट सांगितली. ती सहा-सात वर्षांची असताना अण्णा सगळ्या पोरांबरोबर तिलाही इंग्रजी शिकवायचे. ती ढिम्म बोलायची नाही. एके दिवशी पंगतीत तिला ठसका लागला आणि ती आपण होऊन इंग्रजीत म्हणाली, मला पाणी द्या. अण्णा भरल्या ताटावरून उठले, डाव्या हातानं तांब्या उचलला आणि तिला पाणी दिलं. शाब्बास नाही, वा नाही, काही नाही. परत बसून जेवायला लागले. तिची आई वाढता वाढता थबकली. म्हणाली, "जन्मात कधी स्वतःच्या हातानं पाणी घेतलं नाहीत. पोरीनं इंग्रजीत मागितलं तर उठलात?"

"मग?" मी विचारलं.

"मग अण्णांनी मला नंतर सांगितलं. पाठ केलेलं म्हटलं तर शाब्बास म्हणायचं. पण माणूस आपल्या मनानं काही बोलला, तर त्याला मार्क द्यायचे नाहीत. त्यानं जे मागितलंय ते करायचं. तरच त्याला वाटतं की आपलं बोलणं पोचलं." ताट पुसून कधीच कोरडं झालं होतं, तरी ती पुसत होती. "मी आजपर्यंत त्याच्यावरच शिकवतेय गं."

बुधवारी तिच्या भावाचा फोन आला. अण्णा धड जेवत नाहीत, म्हणाला. रात्री जागे असतात, दाराकडे बघत राहतात. "तू चार दिवस येऊन जा. तुझ्यावाचून ते कोणाला दाद देणार नाहीत."

इथे एक मेख होती. राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली की ती वाढवायला शाळा परदेशी शिक्षकांचा पासपोर्ट सरकारी कचेरीत पाठवते. शिक्का बसून तो परत येईपर्यंत माणूस देशाबाहेर पाऊल टाकू शकत नाही. मध्येच मागून घेतला तर अर्ज रद्द. अर्ज रद्द म्हणजे नोकरी गेली आणि परत यायचं दारही बंद झालं. बाईचा पासपोर्ट आठवड्यापूर्वीच गेला होता. शाळेतला कारकून भला माणूस, पण त्यानंही मान हलवली. निदान दोन-तीन आठवडे लागतील, म्हणाला.

मी एक घाव दोन तुकडे करणारी बाई आहे. मी म्हटलं, "माग परत आणि जा."

"आणि मग?"

"मग काय? वडील आहेत तुझे."

"मला माहीत नाही का?" ती चिडली. मग हळूच म्हणाली, "इथलं सोडून गेले की मी कोण गं? दादाच्या घरातली आत्या. माझी कॉट कुठं टाकायची यावर त्यांच्या बैठका होतील. इथे मला काम आहे, चार माणसं माझी वाट बघतात. परवाना आला की त्याच दिवशी निघते. तोवर अण्णा दोन शब्द बोलायलाही लागतील. बोलते अण्णा बघायचेत मला."

तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण ते घड्याळाला कोण सांगणार, असं मनात आलं आणि मी ते गिळलं.

गुरुवारी ती घरी आली ती नाचतच. तिच्या वर्गात एक बेकरीवाला होता, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा दांडगा. बोटांच्या पेरांत पीठ, हातावर भट्टीचे चटके. वर्ग सुरू झाल्यापासून त्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता. त्या सकाळी तो आपण होऊन, मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "टीचर, खिडकी. थंडी."

"आणि तू?"

"मी उठले आणि खिडकी लावली! दुसरं काही नाही. पुढचं कार्ड घेतलं." तिचे डोळे पाण्यानं भरले होते. "त्याचा चेहरा बघायला हवा होतास तू."

त्या आनंदात तिनं शुक्रवारी अण्णांकडून चहा वदवूनच घेतला. म्हणजे अगदी "चहा" नाही, "च्या"च्या जवळपासचं काहीतरी. पण कार्ड बघून, ओठ जुळवून, घामाघूम होऊन अण्णा ते बोलले. वहिनी फोन तसाच पलंगावर टाकून चहा करायला धावली आणि आम्हाला बराच वेळ छत दिसत राहिलं. तिकडून अण्णांचा घशातल्या घशात हसण्याचा आवाज येत होता. इकडे बाई आणि मी एकमेकींचे हात धरून वेड्यासारख्या हसत होतो. वाटलं, झालं, आता गाडी रुळावर आली.

शनिवारी तिला सुट्टी आणि माझं दुकान अर्धा दिवस. बाईनं कार्डांचा नवा गठ्ठा काढून ठेवला होता. त्या दिवशी अण्णांची दाढी केलेली होती, अंगात धुतलेला सदरा होता. शहाण्या मुलासारखे उशीला टेकून बसले होते. बाईनं पहिलं कार्ड धरलं. लाल दाराचं चित्र.

"अण्णा, हे काय?"

अण्णांनी कार्डाकडे पाहिलं. मग डावा हात उचलून त्यांनी हवेतच ते बाजूला सारल्यासारखं केलं. कार्ड नको, असं. बाईनं ते खाली घेतलं. अण्णा सरळ तिच्याकडे बघत होते. त्यांच्या गळ्याची शीर ताठ झाली, ओठ थरथरला आणि ते म्हणाले, "ये."

अगदी स्वच्छ. वहिनीनंही ऐकलं, मीही ऐकलं. हात पुढे करून पुन्हा म्हणाले, "ये."

आणि बाई म्हणाली, "शाब्बास! शाब्बास अण्णा!"

तिकडे वहिनी रडायला लागली, "ताई, बोलले हो, आपलं आपण बोलले!" मला मात्र घरात कोणीतरी काच फोडल्यासारखं झालं. मी अण्णांकडे बघत होते. त्यांचा पुढे आलेला हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूहळू पांघरुणावर ठेवला. रागावले नाहीत ते. नापास झालेल्या मुलाकडे मास्तर बघतो ना, तसं लेकीकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

फोन बंद झाल्यावर बाई बराच वेळ लाल दार मांडीवर घेऊन बसली.

"मी काय म्हणाले गं?" तिनं विचारलं.

मी तिच्या मांडीवरचं कार्ड उचलून टेबलावर पालथं ठेवलं.

"हो म्हणता येईना म्हणून शाब्बास म्हणाले मी. त्यांनी बोलावलं मला आणि मी त्यांना मार्क दिले." एवढं बोलून ती जी रडायला लागली, तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी तिनं एकही भांडं घासलं नाही.

रविवारी तिनं फोन लावला तेव्हा तिच्या हातात कार्ड नव्हतं. अण्णा कुशीवर वळलेले होते. वहिनीनं फोन त्यांच्यावर धरला तर पुन्हा नुसता कानच दिसत होता. बाई त्या कानाशी बोलली.

"अण्णा, मी येते. उद्या सकाळी पासपोर्ट परत मागते. नोकरी सोडते. ऐकलंत का? मी येते."

कान हलला नाही. झोपलेत की काय, वहिनी म्हणाली. झोपलेले असतील, जागेही असतील. माणूस ऐकतोय की नाही, हे कानावरून कसं कळणार?

त्याच रात्री त्यांना दुसरा झटका आला.

बाईनं सोमवारी अर्ज मागे घेतला. कारकुनानं दोनदा विचारलं, नक्की ना? पासपोर्ट हातात पडायला दोन दिवस गेले आणि प्रवासाला एक. ती पोचली तेव्हा अण्णा दवाखान्यात होते, श्वास चालू होता. "आले, अण्णा," ती म्हणाली. दिवसभर म्हणत राहिली. अण्णांनी डोळे उघडलेच नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात ते गेले. मला तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज सपाट होता. मी इकडे टेबलापाशी उभी होते आणि समोर साखरेचा डबा होता.

आता ती तिकडेच असते. कॉट कुठं टाकली ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिच्या खोलीत दुसरी भाडेकरीण आली. भांडी घासत नाही, तशीच बेसिनमध्ये टाकते. कार्डांचा गठ्ठा मी शाळेत नेऊन दिला, लाल दार तेवढं राहिलं माझ्याकडे.

परवा दुकानात तो बेकरीवाला आला; कार्डं द्यायला गेले तेव्हा शाळेत त्यानं मला पाहिलं होतं. हातावर नवीन चटका होता. मी मलम काढून काउंटरवर ठेवलं. तो पैसे देऊनही हलेना. मागे लोक खोळंबले होते. त्यानं जमिनीकडे बघून ओठांतल्या ओठांत जुळवाजुळव केली, मग मान वर करून एकेक शब्द लावत इंग्रजीत विचारलं, "टीचर परत कधी येणार?"

पूर्ण वाक्य होतं. एकही चूक नव्हती. तो माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत उभा होता.

मी मागच्या लोकांना हातानं थांबवलं आणि काउंटरच्या बाहेर आले. मी शाब्बास म्हटलं नाही.