मंदामावशीचा काउंटर महाग पडतो

आमच्या ऑफिसात काम थोडं आणि किस्से फार! इंग्लंडात बेसिंगस्टोकला बसून कंपनीच्या देशोदेशीच्या दुकानांत माणसं कितीला पडतात, याची तुलना करायची. माणसं मोजायला गेलं की किस्से होणारच की हो!

*

गॅरेथ आमचा बॉस. पुण्याच्या साड्यांच्या दुकानाचे आकडे बघून हैराण. "एका कस्टमरमागे चार माणसं? करतात काय?"

मी म्हटलं, "एक साडी उलगडतो, एक घडी घालतो, एक चहा आणतो."

"आणि चौथा?"

"तो म्हणतो, 'ताई, हा रंग तुमच्यासाठीच आहे!'"

गॅरेथ विचारात पडला. "त्याला लंडनला बोलावता येईल?"

*

जर्मनीत उलटं. टिलवर, म्हणजे बिलाच्या गल्ल्यावर, एकटी बाई, पण हात काय चालतो तिचा! गॅरेथ पाहणीला गेला आणि त्या घाईत मागच्या आजोबांचे कांदे पिशवीत भरून हॉटेलवर आला. रिपोर्टमध्ये लिहिलं, "अतिशय एफिशियंट." कांद्यांबद्दल अवाक्षर नाही!

*

मग लंडनजवळच्या हाउन्सलोची पाळी आली. तिथे टिलवर माझी सख्खी मंदामावशी. सगळ्यात महाग काउंटर तिचाच निघाला, कारण पैसे घेऊन झाले की हिच्या खऱ्या गप्पा सुरू! शेजारी सेल्फ-चेकआउटची मशिनं रिकामी, आणि हिच्यापुढे ही रांग. काउंटर बंद करायचं जवळजवळ ठरलंच. काका गेल्यापासून मावशीचा जीव त्या काउंटरवरच रमायचा. बोलावं तर वशिला, न बोलावं तर मावशी!

*

शेवटचं एकदा बघायला गॅरेथ कस्टमर बनून गेला. तो कोण, हे मावशीला ठाऊक नव्हतं. तिने त्याची बास्केट न्याहाळली.

"एकट्याचंच रेडी मील? रोज हेच खातोस? अरे देवा!" आणि स्वतःचा बेसनलाडवांचा डबा त्याच्या हातात कोंबला. "डबा तेवढा परत आण हं!"

सोमवारी मला विचारतो, "धुऊन दिला की झालं ना?"

"रिकामा? छे! आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत."

बिचाऱ्याने घरी स्कोन भाजले. मावशीने डबा चिवड्याने भरून दिला. याने फ्लॅपजॅक केले. तिने शंकरपाळे दिले.

अशात मोठी मीटिंग आली. फायनान्सच्या बाईंनी विचारलं, "गॅरेथ, हाउन्सलोचा तो काउंटर कधी बंद करतोयस?"

गॅरेथ खुर्चीत अवघडला.

"सध्या नाही जमणार," तो म्हणाला. "तिचा डबा माझ्याकडे आहे."