बाजारच्या दिवशी ओढलेल्या रेघा

धुळ्यात शीलाच्या वडिलांचं थिएटर होतं. त्याच्या गच्चीवर आम्ही दोघी बाजारच्या दिवशी कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्ममध्येच मुरमुऱ्यांचा भत्ता खात बसायचो, मांडीवर वही घेऊन. समोरच्या भिंतीवर बाबूजी, म्हणजे शीलाचे वडील, दोन सिनेमांची पोस्टरं शेजारी शेजारी लावायचे. ज्या पोस्टरपुढे माणूस थांबेल त्या बाजूला आम्ही एक रेघ ओढायची. संध्याकाळी रेघा बघून बाबूजी भुसावळच्या वितरकाला फोन करायचे. वितरकाच्या तोंडापेक्षा खेड्यातून आलेल्या माणसाच्या पायांवर त्यांचा जास्त विश्वास होता.

जानेवारीत शीलाचा फोन आला. "थिएटर पाडतायत. बघायचं तर ये." मी दुसऱ्याच दिवशी नाशिकहून निघाले.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि रस्ता उत्तम आहे. सकाळी निघालात तर जेवायला धुळ्यात पोहोचता. शेवभाजी मागवताना तिखट कमी सांगा. मी विसरले.

थिएटरचं छत निम्मं उतरलं होतं. ऑफिसच्या कपाटातून शीलाने जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला. मला हवं ते पान लगेच सापडलं. एका बाजूला माझ्या लाडक्या हिरोचा मुंबईचा सिनेमा, दुसऱ्या बाजूला नरडाण्याच्या एका मास्तरांनी तीन वर्षं खपून केलेला अहिराणी सिनेमा. त्या दिवशी टोपल्या घेतलेल्या बायका अहिराणी पोस्टरपुढे थांबून मोठ्याने नाव वाचत होत्या, हसत होत्या. शीला पाणी प्यायला खाली गेली होती. त्या बायकांच्या रेघा मी हिरोच्या बाजूला ओढल्या.

हिरोचा सिनेमा आठवडाभरात उतरला. मास्तरांचा धुळ्यात लागलाच नाही. आणि धुळ्याने नाकारला म्हणून तो पुढे कुणी घेतला नाही.

हे मी शीलाला पहिल्यांदाच सांगितलं. तिने वही माझ्या हातातून घेऊन ते पान पाहिलं.

"बाबूजींनी त्या बायका स्वतः पाहिल्या होत्या," ती म्हणाली. "बुकिंगच्या खिडकीतून. घरी येऊन म्हणाले, माझेच डोळे म्हातारे झाले असतील, कॉन्व्हेंटची पोर खोटं कशाला लिहील?"

निघताना वही आणि थिएटरातल्या माझ्या नेहमीच्या खुर्चीचा नंबराचा पितळी बिल्ला तिने पिशवीत घातला. "ने. नाहीतर भंगारात जाईल."

दुसऱ्या दिवशी नरडाण्याला गेले. धुळ्याहून बसने तासभर लागतो. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली, घरात त्यांची मुलगी असते. गाव तिला अक्का म्हणतं. अक्कांनी चहा ठेवला.

"रीळ बठ्ठा चिकटी गयात," त्या म्हणाल्या. "एक पोस्टर शे. तुम्ही आबाना पिक्चर देखा व्हता का?"

"नाही," मी म्हणाले. पुढचं वाक्य तयार होतं, ते बसमध्ये दहादा घोकलं होतं. तेवढ्यात अक्कांनी पोस्टर आणून माझ्या हातात दिलं. "लई जा. इतल्या लांबथून कोनी इचाराले उनं, पहिलीच येळ शे."

मी ते घेतलं.

नरडाण्याहून पॅसेंजरने जळगावला आले. हिवाळ्यात तिथे भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ल्याशिवाय परतू नका. संध्याकाळी मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये गेले. कोणता सिनेमा लावायचा हे कसं ठरवता, असं मॅनेजरना विचारलं.

"यादी मुंबईहून येते, मॅडम. शुक्रवारी लावायचं, सोमवारी हॉल रिकामा दिसला की शो कापायचा."

"आणि अहिराणी सिनेमा आला तर?"

"देऊ की, सकाळी नऊचा शो."

"सकाळी नऊला शेतातली बाई कशी येणार?"

ते हसले. "मग नाही आली, असंच कॉम्प्युटरला दिसणार."

मला हसू आलं नाही. कॉम्प्युटर निदान खोटं तरी लिहीत नाही.

नाशिकला परतून आठ दिवस झाले. पोस्टर अजून गुंडाळलेलंच आहे. अक्कांना फोन लावते आणि ते न सांगताच, नुसती तब्येत विचारून ठेवते. म्हणून माझ्या मुलीसाठी इथे लिहून ठेवते, माझ्या हातून झालं नाही तर.

बिल्ला शीलाला परत द्यावा, त्या खुर्चीवर मी बसायला नको होतं. वही आणि पोस्टर नरडाण्याला, अक्कांना. पण आधी वही द्यावी, ते पान उघडून, कुणाच्या रेघा आहेत ते सांगून. त्यांनी परत मागितलं तर मग पोस्टर.