एकशे बाराव्या पानावरचा चोर

कारखान्याच्या कँटीनमधल्या आचाऱ्याला सगळे दादा म्हणत. साठीला आलेला, एका डोळ्याने तिरळा, तळताना शीळ घालायची सवय. उजवा हात मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत भाजलेला, मूठ नीट मिटत नसे. म्हणून झारा डाव्या हातात. तेवीस वर्षं कोठीची किल्ली त्याच्याच कमरेला होती. चमचाभर साखर कधी इकडची तिकडे झाली नाही, असं मॅनेजर येईल त्या पाहुण्याला सांगायचा, आणि दादा न ऐकल्यासारखं करून सगळं ऐकायचा. गरिबाला मिरवायला आणखी असतं काय?

बरं, आणखी एक होतं. तरुणपणी तो एका बड्या घरी स्वयंपाकाला होता आणि त्या घरातली मुलगी पुढे मोठी नटी झाली. "माझ्या हातचं खाऊन वाढली ती," हे त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की नवा कामगारसुद्धा आठवड्याभरात ते पाठ म्हणायचा. हाताचं विचारलं, की "स्टोव्ह कलंडला" म्हणून तो विषय मिटवायचा.

मग नटीबाईंनी खाण्यापिण्याच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. अहो, काय उड्या पडल्या लोकांच्या! पेपरात रोज वाचकांची पत्रं. कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं, कुणाला आई आठवून रडू आलं. आणि दर दुसऱ्या पत्रात तेच: एकशे बारावं पान वाचून हसून हसून पोट दुखलं. दादाने पुस्तक विकत घेतलं. एकट्याने वाचण्यात काय मजा? जेवणाच्या सुट्टीत त्याने ते पोपटच्या हातात दिलं. पोपट म्हणजे फिटर, तिशीचा गडी, तोंडाची टकळी कधी बंद नाही.

"वाच रे, ते एकशे बारावं. माझंच असणार. मोठ्याने वाच."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोपटने वाचलं: आमच्याकडे एक तिरळा, शीळ घालणारा आचारी होता, भारी खादाड. एकदा बाबा अचानक स्वयंपाकघरात आले, तर हा उकळत्या तेलात हात घालून माशाचा तुकडा पळवतोय! चोराला कढईनेच शिक्षा केली.

कँटीन हसून हसून लोळलं. दादाही हसला, दुसरं काय करणार होता?

त्या दिवसापासून छळ सुरू झाला. ताट पुढे करताना जो तो म्हणे, "दादा, आमचा तुकडा ठेवा हं!" तिसऱ्या दिवशी मॅनेजरने किल्ली मागून घेतली. "तसं काही नाही हो, आपली एक पद्धत." घरी बायकोने त्याच्यासमोर बसून हळूच विचारलं, "अहो, केली होती का चोरी? केली असली तरी मला काही वाटणार नाही." हे शेवटचं वाक्य त्याला सुरीसारखं लागलं. त्याने ताट भिंतीवर फेकलं आणि उपाशीच झोपला.

खरं काय झालं होतं, ते ऐका. मासा जरा जास्त तळला गेला. पाहुण्यांसमोर बाबांची शोभा झाली. ते आत आले, दादाचं कोपर धरलं आणि हात तेलात दाबला. "आता कळेल किती तळायचा," म्हणाले, आणि दाबूनच ठेवला. दारात नऊ वर्षांची मुलगी उभी होती. डॉक्टरपुढे बाबांनी सांगितलं, स्टोव्ह कलंडला. बावीस वर्षांच्या दादाने मान हलवली. बड्या माणसापुढे त्याचं कोण ऐकणार होतं? पोरीला मागाहून काय शिकवलं, देव जाणे.

पाचव्या दिवशी पोपट पेपर घेऊन थेट भट्टीपाशी आला. "दादा, आजचं पत्र ऐका. एक बाई लिहितात, अशा चोराला डोक्यापर्यंत बुडवायला हवं होतं!" आणि कढईवर हात धरून त्याने विचारलं, "असंच पळवत होता ना?"

दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने झारा टाकला, डाव्या हाताने पोपटचं मनगट पकडलं आणि त्याला कढईवर वाकवलं. तेल उकळत होतं.

"तुकडा उचलताना काय भाजतं रे? बोटांची टोकं! माझा हात बघ! कुणी दाबल्याशिवाय एवढा आत जातो का? बोल!"

"दादा, सोडा! आई गं!"

"हस ना आता! कुणीतरी हसा!"

कुणी हसलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. जिंकला होता हो तो! तिथेच सोडायचं. पण हात थांबला नाही. त्याने दाबलं, आणि पोपटची बोटं मुळापर्यंत तेलात गेली.

किंकाळी ऐकून मशीनवरची माणसं धावत आली. दादानेच त्याला ओढून बाहेर काढलं, दादानेच त्याचा हात पाण्याच्या पिंपात बुडवला, आणि त्या वासाने दादालाच भडभडून ओकारी झाली.

दवाखान्याची गाडी बोलावल्यावर मॅनेजरने दार लावून घेतलं. "हे बघा, बाहेर काही जायला नको. पोपटचा पाय घसरला, हात कढईत पडला. त्यानेही कळ काढलीच होती. काय रे पोपट?"

बाकावर पोपट ओल्या फडक्यात हात गुंडाळून हुंदके देत होता. त्याने दादाकडे घाबरून पाहिलं आणि मान हलवली. "हो. घसरलो मी."

दादा त्या मानेकडे बघत राहिला. मग त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसला.

"मान हलवू नकोस. काय झालं ते सांग. माझ्या तोंडावर सांग."

"अहो दादा, तुरुंगात जाल!" मॅनेजर ओरडला.

"सांग, बाळा."

पोपटने फडक्यातला हात छातीशी धरला. तो म्हणाला, "तुम्ही दाबलात माझा हात."

"हो," दादा म्हणाला. "मी दाबला. साहेब, घ्या लिहून."