शेवटच्या सीनचा होकार

आम्ही भर उन्हाळ्यात नाताळ करणारी माणसं. डिसेंबरात टीव्हीवर लागणारे ते बर्फातले प्रेमाचे सिनेमे आमच्याकडे मे महिन्यात डबिंगला येतात. खोली दहा बाय आठची, भिंतींना फोम ठोकलेला आणि पंखा बंद, कारण माईकला पंख्याची घरघर ऐकू जाते. पडद्यावरची बया लोकरीच्या टोपीत कुडकुडत असते आणि तिला आवाज देणारी आमची ताई मानेवर ओला रुमाल टाकून "बाई गं, काय थंडी ही!" म्हणत असते. मी काचेच्या अलीकडे बसून रेकॉर्डिंग करतो. एकवीस वर्षं तेच करतोय.

ताई त्रेपन्न वर्षांची. सकाळी एका दवाखान्यात फोन उचलायची आणि अडीचच्या ठोक्याला आमच्याकडे हजर व्हायची. नवरा सोडून गेला त्याला जमाना झाला. घरी ती आणि तिची म्हातारी आई. आई ठार बहिरी. लेकीचा आवाज घरोघरी पोचला, पण आईने तो टीव्हीवर कधी ऐकला नाही. ताई हे हसत सांगायची आणि मला उगाच तिचा राग यायचा.

हे सिनेमे मला काडीचे आवडत नाहीत. शहरातली पोरगी गावी येते, तिथे एखादा सुतार नाहीतर बेकरीवाला भेटतो, पाऊण तासाला प्रेम, सव्वा तासाला गैरसमज आणि शेवटी दिव्यांच्या झाडाखाली मिठी. एकदा वैतागून मी विचारलं, "ताई, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही हो?"

"भाऊ, सकाळभर मी फोनवर काय सांगते? डॉक्टर नाहीत, जागा नाही, उद्या बघा. इथे गाडी बंद पडते, रस्ता बर्फाने अडतो, तरी शेवटच्या पाच मिनिटांत माणूस दारात उभा. खोटं तर खोटं. मला बरं वाटतं."

मी पुढचा सीन लावला.

हीरोचा आवाज होता विमा कंपनीतल्या एका कारकुनाचा. आम्ही त्याला हीरोच म्हणायचो. डोक्यावर टक्कल, नाकावर जाड चष्मा, बिनलग्नाचा, बहिणीकडे राहणारा. पण माईकसमोर तोंड उघडलं की ऐकत बसावं. तो ऑफिसच्या आधी, सकाळी येऊन आपली वाक्यं एकट्याने बोलून जायचा. आमच्या कामाची पद्धतच तशी. दोघांना एकत्र उभं केलं तर एक चुकला की दुसऱ्याचीही मेहनत पाण्यात. दुपारी मी त्याचा आवाज ताईच्या हेडफोनमध्ये सोडायचो आणि ती त्याला उत्तरं द्यायची. अकरा वर्षांत दोघं चाळीसेक वेळा एकमेकांच्या प्रेमात पडले, पण एकमेकांचं तोंड काही पाहिलं नाही.

"आज घसा बसलाय त्याचा. गरम पाणी प्यायला सांगा," ताई म्हणायची. मी निरोप द्यायचो. हीरो चाट पडायचा. "बाईंना कळतं कसं हो?" टीव्हीवर सिनेमा लागला की तो आवर्जून तिचा आवाज ऐकायचा. म्हणायचा, "बाकीच्या हसण्याचं नाटक करतात, या खरंच हसतात." अहो, मग भेटा की एकदा, असं मी दोघांनाही सांगून पाहिलं. दोघंही लाजले. पन्नाशी उलटलेली माणसं! शेवटी मीच नाद सोडला.

यंदाच्या मे महिन्यात हीरो आपलं काम संपवून गेला, खोकत खोकतच. चार दिवसांनी ताईचा शेवटचा सीन सुरू होता. पहिला टेक झाला आणि माझा फोन वाजला. साडेचार वाजले होते. हीरोची बहीण बोलत होती. "दादाला हॉस्पिटलात ठेवलंय, छाती भरलीय. थोड्या वेळात घशात नळी घालतील, मग बोलता येणार नाही. त्या बाईंना घेऊन या म्हणतोय. लवकर या हो."

हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर. सिनेमा दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. आत्ता सांगितलं तर ताईचा आवाज भरून येईल आणि सीन बोंबलेल, असा मी हिशेब केला. दोन मिनिटांचं काम आहे, एक जादा टेक उरकू आणि निघू. जन्मभर त्या सिनेमांना नावं ठेवली, पण त्या वेळी मला छातीठोक वाटलं, आपण पोचतोच.

हेडफोनमध्ये हीरो विचारत होता, "राहशील माझ्याबरोबर?" आणि ताईने "हो" म्हणायचं होतं. एवढंच.

"भाऊ, आणखी एकदा," ताई म्हणाली. "त्याने किती जीव लावून विचारलंय, आणि मी आपली वाचून दाखवतेय."

आता थांबवलं तर का थांबवलं ते सांगावं लागलं असतं. मी पुन्हा लावलं. तिने पुन्हा मागितलं. मध्ये पाणी प्यायली, डोळे मिटून नुसता त्याचा आवाज दोनदा ऐकला. असे पहिला धरून पाच टेक झाले. पाचव्या वेळी "हो" म्हणताना ती अशी हसली, की माझ्या अंगावर काटा आला. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. मग मी दार उघडून तिला सांगितलं.

टॅक्सी करून आम्ही हॉस्पिटल गाठलं. वॉर्डच्या दाराशी हीरोची बहीण उभी होती. "आत्ताच नळी घातली," ती म्हणाली. "पाच वाजेपर्यंत त्याने डॉक्टरांना थांबवून धरलं होतं."

आत सहा खाटा. ताई मधोमध उभी राहिली, एकेका चेहऱ्याकडे बघत.

"भाऊ, यातला कुठला?"

मी बोट दाखवलं. औषधाने त्याला झोपवलं होतं, तोंडात नळी होती. ताईने त्याचा हात धरला आणि मोठ्याने म्हणाली, "मी आलेय." दोनदा म्हणाली. तो हलला नाही.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "फोन किती वाजता आला होता?"

थाप मारता आली असती. पण जीभ रेटली नाही. "साडेचारला."

तिने बोटांवर मोजलं. माझी मान वर होईना. "मला विचारायचं तरी होतंत," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हीरो गेला. ताई त्यानंतर आमच्याकडे कधी आली नाही. त्याच दुपारी सिनेमा पाठवायचा होता, म्हणून मी एकटाच मिक्सिंगला बसलो. पाचही टेक लावून पाहिले. पहिला परत लावला, मग परत. पहिल्यात काहीही कमी नव्हतं.