भोपळ्याच्या अंगातलं विष

सात एप्रिल. गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून ठेवला होता आणि सकाळी सातलाच मोठं पातेलं चुलीवर चढलं. चीक शिजवताना एकीनं धार धरायची आणि दुसरीनं हात न थांबवता ढवळायचं, नाहीतर गाठी होतात. ढवळायला नेहमी मीच असते. इस्लामपूरच्या रस्त्याला आमचं दुकान आहे, जळालेल्या पाण्याच्या मोटारींची तार बदलून देण्याचं. वीस वर्षं मोटारी उचलून माझे दंड नवऱ्यापेक्षा भरले आहेत, आणि हे तोच सगळ्यांना सांगत असतो.

शेजारच्या तिघी सोऱ्या घेऊन आल्या होत्या. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, खुर्चीवर, सासूबाई पाय टबात सोडून बसल्या होत्या.

हा टब आणला तो शेजारी घड्याळ धरून उभ्या असलेल्या माझ्या चुलत दिरांनी. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला सरळ माणूस. सांगलीत एका हॉटेलात कंपनीच्या सभेला गेले आणि शरीरातलं विष पायाच्या तळव्यातून ओढून काढणारं यंत्र घेऊन आले. टबात कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ, मधे लोखंडी कांड्यांची जुडी, मनगटाला पट्टा. बटण दाबलं की दहा मिनिटांत पाणी चहासारखं होतं. बरोबर रंगांचा तक्ता आहे: तपकिरी म्हणजे यकृत, हिरवं म्हणजे पित्त, काळपट म्हणजे तंबाखू. भावकीत ते फुकट सेवा देत. घड्याळ लावून, वहीत सही घेऊन, छावणीत लस टोचावी तसे एकेकाला बसवत.

पहिल्या दिवशी आमच्याकडे टब लागला तेव्हा गंमत झाली होती. या भागात दातांना तंबाखूची मिसरी लावणाऱ्या बायका पुष्कळ आणि कबूल करणाऱ्या कमी. पाणी काळपट व्हायला लागलं तशी शेजारची धाकटी सून न विचारताच म्हणाली, "मी फकस्त सकाळचीच लावती. गोठ्याच्या मागं." दुसरीनं पाय टबात घालायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, अगदी डबी कुठे लपवते तेसुद्धा. दीर तक्त्यावर बोट ठेवून गंभीरपणे मान हलवत होते.

सासूबाईंचं पाणी सगळ्यांत काळं झालं. दोन वर्षांपूर्वी म्हसवडच्या सिद्धनाथाला हात जोडून त्यांनी मिसरी सोडली होती.

"आत्ती, निघाली की मिसरी," धाकटी म्हणाली.

"सोडलीया मी."

"पाणी काय खोटं बोलतंय व्हय?"

सासूबाईंनी मान खाली घालून पाय पुसले. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून रोज अर्धा तास त्या टबात पाय घालून बसू लागल्या, पाणी स्वच्छ निघेपर्यंत बसणार म्हणून.

ही नुसती गंमत असती तर मी बसू दिलं असतं. पण सासूबाईंना साखर आहे आणि उजव्या अंगठ्याला नव्या चपलेनं केलेली जखम आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं: गोळ्या चुकवायच्या नाहीत, पाय कोरडा ठेवायचा, पट्टी रोज बदलायची. सासूबाईंनी टब सुरू झाल्यापासून गोळ्या बंद केल्या होत्या. विष निघतंय तर वर गोळ्यांचं विष कशाला, असं त्यांचं म्हणणं. जखमेची कड पांढरी पडली होती आणि आदल्या संध्याकाळी पट्टी सोडल्यावर वास आला होता. अशा जखमेपायी पाय गमावलेली माणसं आमच्या गावात आहेत. मी समजावलं, रागावले, नवऱ्याला पुढे घातलं, मोबाइलवर डॉक्टरांचं भाषण लावलं. त्या म्हणाल्या, "त्यो डॉक्टर गोळ्या इकतो, त्यो काय सांगनार?"

खाऱ्या पाण्यात लोखंड घालून वीज सोडली की काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. गंजलेल्या मोटारी धुण्यातच माझा जन्म चालला आहे. पण गंज म्हटलं की दीर म्हणत, "वैनी, मोटार वेगळी, मानूस वेगळा."

त्या सकाळी चीक शिजला, पातेलं उतरवलं आणि मला एकदम सुचलं. सासूबाईंना म्हटलं, "आत्या, जरा पाय काढा. आज मधेच एक पेशंट घेऊ या."

स्वयंपाकघरातून दुधी भोपळा आणला. चांगला हातभर लांब. टब धुतला, नवं पाणी, नवं मीठ. भोपळ्याचं बूड पाण्यात, देठाला मनगटाचा पट्टा. धाकटीनं त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, गार लागू नये म्हणून. दीर म्हणाले, "ही थट्टा हाय."

"असू दे भावजी. वहीत नोंद करा. वय तीन महिने."

त्यांनी खरंच नोंद केली. शिस्त ती शिस्त.

कुरडया पाडता पाडता आम्ही टबाकडे बघत होतो. चौथ्या मिनिटाला पाणी पिवळं झालं, सातव्याला तपकिरी. दहाव्या मिनिटाला मिसरीचा रंग आला आणि धाकटी सोऱ्या सोडून खालीच बसली.

"भोपळा मिसरी लावतोय," ती म्हणाली, आणि मग तिला पुढे बोलता येईना. तिची जाऊ टाकीला धरून हसत होती. माझ्या हातातली कुरडई पार लांबट झाली.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "भोपळ्यावर औषध मारल्यालं असतंय. त्ये निगालं."

मुद्दा बरा होता. भोपळा काढला, पाणी बदललं. टबात कांड्यांशिवाय काहीच नाही, पट्टा टबाच्या कडेला. पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा मिसरी.

"टाकीचं पानी," त्या म्हणाल्या.

मी खालून पिण्याचं पाणी आणलं, गाळलेलं. पुन्हा तेच. आता गच्चीवर कुणी कुरडया पाडत नव्हतं. दीर गुडघ्यावर बसले, बटण बंद केलं, कांड्यांची जुडी बाहेर काढून उन्हात धरली. घेतली तेव्हा अंगठ्याएवढ्या जाड असलेल्या कांड्या करंगळीएवढ्या झाल्या होत्या.

"कंपनी म्हनली, विष ह्यांना खातंय, म्हनून बदलत जावा," ते हळू म्हणाले.

"ह्याच पाण्यात उतरतायत, भावजी."

बराच वेळ त्यांनी जुडी फिरवून फिरवून पाहिली. मग वही उघडून आतापर्यंतच्या सगळ्या सह्यांवर एक लांब आडवी रेघ मारली.

मला वाटलं, आता सासूबाईंना गोळ्यांचं पटवायला हवं. पण त्या खुर्चीतून उठल्या होत्या आणि धाकटीसमोर उभ्या होत्या.

"भोपळ्यानं मिसरी लावली व्हती का?"

"न्हाई, आत्ती."

"मोकळ्या पान्यानं?"

"न्हाई."

"मग मी लावली म्हनून गावभर कोन बोंबलत व्हतं?"

धाकटीनं दोन्ही कान धरले. सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की अंगठा बरा झाल्यासारखाच वाटला. त्यांनी तिला सबंध पाटी कुरडया एकटीनं पाडायला लावल्या, आणि ती स्वस्तात सुटल्यासारखी पाडत राहिली. विज्ञानानं काय सिद्ध केलं याच्याशी सासूबाईंना देणंघेणं नव्हतं. यंत्रानं त्यांची बदनामी केली होती, एवढ्यावर त्यांनी त्याला घराबाहेर काढलं. मलाही तेवढं पुरे होतं.

"गोळी आण," त्या मला म्हणाल्या. "तू म्हनतीस म्हनून न्हाई."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान नवऱ्यावर सोपवलं, सासूबाईंना स्कूटरवर मागे बसवलं आणि दवाखाना उघडायच्या आधीच पोहोचले. कंपाउंडरनं जखम धुतली तेव्हा मी त्यांचा पाय धरून ठेवला होता. हाड वाचलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. दहा दिवस रोज यायचं.