डी ड्राइव्हला हात लावला नव्हता

स्क्रीनवरचा आकडा नव्वदच्या पुढे गेला, तेव्हा नगराळे साहेबांनी विचारलं, "भाऊ, माह्या गाईंचं काई जाणार नाई ना?"

"ते डीवर आहे, साहेब. मी फक्त सी फॉरमॅट करतोय."

ही साधारण २००३-०४ ची गोष्ट. मी वर्ध्यात कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचो. नगराळे साहेब सेलूचे, गुरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले. आमच्याकडच्या गवळाऊ गाईंची वंशावळ त्यांनी नोकरीभर वह्यांत लिहून ठेवली होती. गाय कोणाकडे, तिची आई कोण, बाप कोणता वळू. वळू निवडताना हे बघावंच लागतं, नाहीतर बाप आणि लेक एकत्र येतात आणि पुढची पिढी कमजोर निघते. गावोगावचे लोक त्यासाठी त्यांच्याकडे यायचे.

दोन वर्षांआधी नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर मीच त्यांना टाकून दिलं होतं. हार्ड डिस्कचे दोन भाग केले, त्याला पार्टिशन म्हणतात. सीवर विंडोज, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा. बाकी सगळं डीवर. व्हायरस आला की सी पुसायचा, विंडोज नव्याने टाकायचं, डी तसाच राहतो. पद्धत चांगली आहे. इन्स्टॉल करताना सॉफ्टवेअरने जागा विचारली, मी डी दिला. पुढे आणखी चार-पाच स्क्रीन आले. मी नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलो.

साहेबांनी एका बोटाने टाइप करत वर्षभरात सगळ्या वह्या उतरवल्या. मग मला म्हणाले, "वह्यांले उधई लागून राह्यली. ठेवू का?"

"कशाला? डीवर आहे ना सगळं."

त्यांनी त्या वाळवी लागलेल्या वह्या जाळून टाकल्या.

तर त्या दिवशी फॉरमॅट झालं, विंडोज टाकून झालं. डीवरचं सॉफ्टवेअर उघडेना. यात नवल नव्हतं. त्याची नोंद विंडोजमध्ये असते, ती पुसली गेली होती. मी तेच सॉफ्टवेअर पुन्हा त्याच जागी टाकायला घेतलं. या वेळी मधला एक स्क्रीन वाचला. डेटा कुठे ठेवायचा, असं त्यात विचारलं होतं. खाली उत्तर आधीच भरलेलं होतं आणि ते सीपासून सुरू होत होतं.

सॉफ्टवेअर डीवर होतं. गाई सीवर होत्या.

"का झालं?" साहेबांनी विचारलं.

"नोंदी सीवर होत्या, साहेब."

"मंग?"

"मी सी पुसला."

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "मी तुमाले इचारलं होतं, भाऊ."

दुसऱ्या दिवशी मी डिस्क घेऊन नागपूरला गेलो. पुसलेल्या फाइल परत काढणारा एक जण तिथे होता. "वरून नवं विंडोज लिहिलं गेलं नसतं तर बरंच निघालं असतं," तो म्हणाला. निघाले ते तुकडे. गाईंची नावं होती, आईबाप नव्हते.

मग मी दर रविवारी साहेबांना मोटरसायकलवर गावोगावी नेऊ लागलो. कोणी गाई विकल्या होत्या. कुठे गाय होती, पण तिची माहिती असलेला माणूस गेला होता. एका म्हाताऱ्याने अंगणात खाट टाकली आणि हसत विचारलं, "साहेब, हे तं तुमीच आमाले सांगत होते. आता आमाले काऊन इचारता?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, "वय झालं. इसरलो."

परत येताना मी माफी मागितली. गाडीच्या आवाजात मागे बसलेल्या साहेबांना ऐकू आलं की नाही, मला आजही माहीत नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

वर्षभर फिरून एक नवी वही तयार झाली. तिच्यात निम्म्याहून जास्त गाईंपुढे, बापाच्या रकान्यात, साहेबांनी सुवाच्य अक्षरात 'माहीत नाही' असं लिहिलं. वळू निवडायला येणाऱ्यांना ते तेवढंच सांगू शकत. हळूहळू लोक यायचे कमी झाले.

तेव्हापासून फॉरमॅट करण्याआधी मी गिऱ्हाइकाला त्याची फाइल माझ्यासमोर उघडायला लावतो आणि ती कुठे ठेवली आहे ते स्वतः वाचतो. दोन मिनिटं लागतात.